गैरहजर दाखवलेली मुलगी

कृतिसंशोधन म्हटलं की आम्हा शिक्षकांना त्या काळी धडकीच भरायची. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आपल्याच वर्गातली एखादी अडचण घ्यायची, उपाय करून बघायचा आणि फरक पडला का ते लिहून काढायचं, एवढंच ते. पण अहवालांची स्पर्धा असायची आणि मला बक्षीस हवं होतं. खोटं कशाला बोलू?

इंदिरानगरच्या पुढं, नव्या इमारती उठत होत्या तिथं आमची शाळा. कुणीतरी दोन संगणक देणगी म्हणून दिले होते. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढून आणि नळावर पाय धुऊन. धुळीनं मशीन बिघडतं, असं शहरातल्या द्वारका चौकातून येणारा दुरुस्तीवाला बजावून गेला होता. संगणकावर गुणाकार शिकवले तर मुलं लवकर शिकतात का, हा मी विषय घेतला. निम्मा वर्ग आत संगणकावर, निम्मा बाहेर व्हरांड्यात पाटी घेऊन.

गट चिठ्ठ्या टाकून पाडले, असं अहवालात लिहिलंय. कसल्या चिठ्ठ्या अन् कसलं काय! हुशार, नीटनेटकी मुलं मी आत घेतली. बांधकामावरच्या मजुरांची पोरं बाहेर बसवली.

त्यांत पेठ तालुक्याकडची एक मुलगी होती. भाताची कापणी उरकली की आईबाप तिला घेऊन शहरात कामाला यायचे आणि शिमग्याला परत गावी जायचे. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, आमची पाळी कवा?"

"शेवटची चाचणी झाली की."

"शिमग्याच्या आदी ना? मंग आमी घरी जाऊ."

"हो गं बाई, त्याच्या आधी. बस आता गप्प."

ती खिडकीखाली बसायला लागली. आत पडद्यावर गणित आलं की उभी राहून बघायची, खाली बसून पाटीवर सोडवायची. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं आणि माझा असा पारा चढला! "माझा प्रयोग बिघडवतेस का गं?" म्हणत मी खाडकन खिडकी लावून घेतली. एक पोर शिकायला धडपडतेय आणि तिची बाई तिच्या तोंडावर खिडकी लावते! खिडकीच्या फळीला एक फट होती, ती तिला पुरली.

शेवटच्या चाचणीत सगळ्यांत जास्त गुण तिलाच पडले. तिच्यामुळं बाहेरच्या गटाची सरासरी वर जात होती आणि दोन गटांतला फरक नावापुरता उरत होता. काहीतरी चूक सापडावी म्हणून मी तिचा पेपर पुन्हा तपासला. एक सापडेल तर शपथ. मग अहवालात तिच्या क्रमांकापुढं 'गैरहजर' लिहिलं. बक्षीस मिळालं, ते प्रमाणपत्र मी कधी भिंतीवर लावू शकले नाही.

शिमगा दोन दिवसांवर आला तेव्हा ती संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. नळावर घासघासून धुतलेले पाय, फ्रॉकला पुसलेले हात.

"बाई, चाचणी झाली. मी नुसता हात लावीन."

दुपारी शिक्षण खात्याचे साहेब प्रयोग बघायला येणार होते. खोली पुसून, संगणकांवर धुतलेली कापडं घालून मी तयार ठेवली होती. "आज नको, उद्या ये," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि ती गेली. एक मिनिट लागलं असतं हो. कापड उचलून हात लावू द्यायला एक मिनिट!

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी तिचा क्रमांक पुकारला. "बाई, ती गावाला गेली," मागून कुणीतरी म्हणालं. मी हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिलं. या वेळी ते खरं होतं.