माझं बोट

माझ्या वडिलांची नोकरी माझ्या बोटानं घालवली. लोक म्हणतात, साहेबानं घालवली. आई म्हणायची, नशिबानं घालवली. पण त्या खोलीत मी होतो, आणि बोट माझंच होतं.

वडील सोलापुरातल्या एका गिरणीत हजेरी कारकून होते. आमचं मूळ घर माणदेशाकडचं. आजा मेंढरं राखायचा, आणि घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. मराठी शाळा संपवून ते इंग्रजी तिसरीपर्यंत कसेबसे पोचले होते. तेवढ्या इंग्रजीवर त्यांनी चौदा वर्षं साहेबांशी संसार केला. भोंगा झाला की गडी आपापला बिल्ला फळ्यावर टांगायचे, आणि आबा त्या बिल्ल्यांवरून हजेरी मांडायचे. साहेब फेरीवर आला की आबा उभे राहून सुरू करायचे, "यू सी, सर, टुडे, आय मीन, टू मॅन, यू सी, नॉट कम." साहेब हसायचा, पण मान हलवायचा. त्याला कळायचं.

मला मात्र लाज वाटायची. हायस्कुलात आमचे इंग्रजीचे मास्तर भारी कडक होते. बोलताना कुणी 'यू सी' किंवा 'आय मीन' म्हटलं, की त्याच्या नावानं वाटीत एक चिंचोका पडायचा. शनिवारी ज्याचे चिंचोके जास्त, तो बाकावर उभा. मास्तर म्हणायचे, आधी वाक्य डोक्यात पुरं करा, मग तोंड उघडा. पहिल्या वर्षी मी तीनदा बाकावर उभा राहिलो. पुढच्या वर्षी माझ्या नावावर एकही चिंचोका पडला नाही. या गोष्टीचा मला केवढा गर्व होता, ते आता सांगायलाही नको वाटतं.

तो गर्व मी घरी आणला. संध्याकाळी आबा गिरणीतून आले, चहा झाला, की मी त्यांना इंग्रजीत बोलायला लावायचो. दिवसभर काय झालं ते सांगा म्हणायचो. सुरुवातीला चिंचोकेच होते, पण आईनं ते एक दिवस भाजून माझ्या धाकट्या बहिणीला खायला दिले. मग मी कपड्यांच्या पेटीवर बोटानं टकटक करू लागलो. आबांनी 'यू सी' म्हटलं की टक. आबा थांबायचे, आवंढा गिळायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. पुढे पुढे तर शिटी ऐकून मेंढरं थांबावीत, तसे ते थांबू लागले.

आई एकदा चुलीपासून म्हणाली, "बापाला शिकवतोस व्हय रं? लई शाणा झालास की."

आबाच तिला म्हणाले, "शिकवू दे गं. त्येच्या तोंडात इंग्रजी साफ हाय. माझं आपलं धेडगुजरी."

असं वर्षभर चाललं. मी मॅट्रिक झालो. पुढे कॉलेजात घालायचं आबांच्या मनात होतं, आणि ते सगळं त्या एका नोकरीवर उभं होतं.

त्याच उन्हाळ्यात जुना साहेब विलायतेला परत गेला आणि नवा आला. जुन्या साहेबाच्या वेळचा एक रिवाज होता. साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणायचे माग चालायचे तिथं, बहुतेक गडी तेलुगू विणकर समाजाचे. त्यांच्यात कुणी वारलं, तर खात्यातल्या माणसांनी दोन तास मयतीला जाऊन यावं आणि हजेरी कापू नये, असं जुन्या साहेबानं तोंडी सांगून ठेवलं होतं. कागद काहीच नव्हता. एका सकाळी खात्यातला एक म्हातारा गेला. आठ माणसं बिल्ले टांगून मयतीला गेली आणि दुपारच्या आत परतली. आबांनी नेहमीप्रमाणे त्यांची हजेरी लावली. पण ती माणसं बाहेर असतानाच नेमका नवा साहेब खात्यात येऊन गेला होता. आठ साचे बंद, आणि वहीत आठही माणसं हजर!

सोमवारी आबांना चिठ्ठी मिळाली. खोटी हजेरी लावल्याचा आरोप होता, आणि खुलासा गुरुवारी समोर येऊन करायचा होता. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आबा तीन दिवस धड जेवले नाहीत. मी कागदावर सगळा खुलासा इंग्रजीत लिहिला, आठ वेळा खोडला, नवव्यांदा लिहिला आणि पाठ केला. आबांनी हेडक्लार्कच्या हातापाया पडून परवानगी काढली, की साहेबासमोर मुलगा बोलेल.

वाटेत आबा म्हणाले, "तू बोल बाबा. मी मदी तोंड घालत न्हाई. माझ्या बोलण्यानं इस्कोट व्हायचा."

मी म्हणालो, "तुमी निस्तं हुबं ऱ्हावा, आबा."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

साहेबाच्या खोलीत मोठं टेबल होतं आणि वर पंखा. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. साहेबानं हात वर करून मला थांबवलं. त्याला भाषण नको होतं. त्यानं सरळ विचारलं, परवानगी कुणी दिली, आणि कागद कुठे आहे? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा तो प्रश्न.

उत्तर मला ठाऊक होतं. मराठीत एका दमात सांगितलं असतं. पण हा प्रश्न माझ्या कागदात नव्हता. मी डोक्यात वाक्य रचू लागलो. आधी वाक्य पुरं, मग तोंड. जुने साहेब आधी, की मयत आधी, की तोंडी परवानगी आधी? एक वाक्य रचलं, ते चुकलं वाटलं, मोडलं. दुसरं धरलं. पंखा फिरत होता. साहेब माझ्याकडे बघत होता आणि मी दगडासारखा उभा. 'वेल, सर' एवढं जरी म्हटलं असतं, तरी त्याला कळलं असतं की हा पोरगा काही सांगतो आहे. पण माझ्या नावावर चिंचोका पडायचा नव्हता ना!

आबांना राहवलं नाही. ते एक पाऊल पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "यू सी, सर, ओल्ड साहेब, आय मीन, ही टेल मी, यू सी..."

टक.

माझं बोट टेबलाच्या कडेवर वाजलं. देवाशपथ सांगतो, मी वाजवलं नाही. वर्षभराची सवय वाजली.

आबा थांबले. तोंड उघडंच होतं. त्यांनी आवंढा गिळला, पहिल्यापासून सुरुवात करायला श्वास घेतला, आणि 'यू' एवढं म्हणून माझ्या बोटाकडे बघितलं. पुढचा शब्द आलाच नाही.

साहेबानं ते सगळं पाहिलं. बाप बोलायला लागला आणि मुलानं त्याला गप्प केलं. त्याला वाटलं, म्हातारा कबूल करायला निघालाय आणि पोरगं दाबतंय. त्याच्या जागी मी असतो, तर मलाही तेच वाटलं असतं. त्यानं कागद ओढला आणि आबांना कामावरून काढल्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

तेव्हा माझं तोंड उघडलं. "नो सर, प्लीज सर, यू सी सर, आय मीन, ओल्ड साहेब, सर, यू सी..." वर्षभर आबांच्या तोंडून काढून टाकलेलं सगळं माझ्या तोंडून धो धो बाहेर पडत होतं. मी रडत होतो. साहेबानं घंटी वाजवली. पट्टेवाला आत आला आणि त्यानं दार धरून ठेवलं.

बाहेर त्या आठांतले दोघे विणकर उभे होते. आमच्यासाठी साक्ष द्यायला आले होते, पण त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं. आबांनी त्यांच्याकडे बघून नुसती नकाराची मान हलवली.

आम्ही पावसाच्या आधी गावी गेलो. कॉलेज राहिलं. आबा पुन्हा आजाच्या मेंढरांमागे जाऊ लागले. मला त्यांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी नंतर अकलूजकडे एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. मुलं 'यू सी' म्हणतात, आणि मी ऐकून घेतो.

पण आबा. काहीही सांगायचं असलं, मेंढरू आजारी असो की पाऊस लांबलेला असो, माझ्यासमोर तोंड उघडण्याआधी ते माझ्या हाताकडे बघायचे. मराठी बोलतानासुद्धा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत. त्यांना ते ठाऊक नसावं. आईला मात्र ठाऊक होतं, कारण असं झालं की ती उठून बाहेर जायची.

मागच्या सुट्टीत त्यांच्या छातीत दुखत होतं. कुठं दुखतं, कधीपासून, हे मी विचारत होतो. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आणि म्हणालो, "आबा, बोला की. कसं बी बोला."

"व्हय, सांगतो," असं म्हणून ते माझ्या मांडीकडे बघत राहिले, आणि कुठं दुखतं ते त्यांनी सांगितलं नाही.