तिसऱ्या बॅटरीचा वाटा

माझा थोरला भाऊ आसाराम नगरला पोरांना विजेचं काम शिकवायचा. राहायला भिंगारला. मलाही शेजारच्याच गल्लीत दिलेलं, त्यामुळे त्याच्याकडे माझी सारखी ये-जा. दादा अबोल. चहात साखर नसली तरी पिऊन मोकळा व्हायचा.

त्याच्या घरात भिंतीला एक फळी टांगलेली होती. तिच्यावर दोन बॅटऱ्या, तारा, आणि मधल्या तारेत काट्याचा मीटर. शिकवणीच्या पोरांना तो सांगायचा, "दोघी मिळून मधल्या तारेत वीज ढकलतात. कुणी किती ढकलली? एक काढा, जागा मोकळी ठेवू नका, साधी तार जोडा. काटा बघा. मग तशीच दुसरी काढून बघा. दोन्ही वाटे दिशा धरून मिळवा. दोघी असताना काटा तिथंच आला पाहिजे."

बहात्तरच्या दुष्काळात लंकावैनी गेली. वर्ष भरायच्या आत दादाचं दुसरं लग्न झालं. नवी वैनी चांगुणा, पारनेरकडची. रिवाजाप्रमाणं मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक, चांदीचा छोटा पत्रा, तिच्या गळ्यात घातला. सवतीला ती आक्का म्हणायची. थोड्याच दिवसांत पोरगी वाळली. जेवता जेवता मागं वळून बघायची.

एका दुपारी तिनं माझा हात धरून मला फळीपाशी नेलं. "वन्सं, ह्यांनी दोन्ही बॅटऱ्या काढल्यात. तरी काटा बघा."

दोन्ही जागी साध्या तारा होत्या. वीज नसताना काटा मधोमध हवा होता. तो जरा उजवीकडं, बारीक थरथरत उभा. मी काचेवर टिचकी मारली. हलला, परत तिथंच.

"आक्का हितंच हाय," ती म्हणाली. मी मनात कानिफनाथाचं नाव घेतलं.

निरोप मिळताच तिची आई भागूबाई आल्या, त्या लेकीचं गाठोडं बांधायलाच. आता लेक गेली की त्या परत धाडणार नव्हत्या.

"मामी, चहा होईपर्यंत थांबा," दादा म्हणाला.

"थांबते. पण जावईबापू, मेलेलं मानूस बेरजेत घेत न्हाईत."

दादानं एक बॅटरी लावून काटा बघितला. मग ती काढून दुसरी. मग दोन्ही. बेरजेपेक्षा काटा मागं राहिला, आणि जेवढा मागं राहिला तेवढाच तो रिकाम्या फळीवर पुढं उभा राहत होता.

"तिसरी बॅटरी आहे कुठंतरी. बेरजेत ती दोनदा मोजली गेली," असं म्हणून त्यानं फळी उलटी केली.

मागं, तारा आवळलेल्या दोन स्क्रूंच्या मध्ये लिंबू अडकवलेलं. एका बाजूनं त्यात लोखंडी खिळा, दुसऱ्या बाजूनं चांदीचा टाक, दोन्ही स्क्रूंना टेकलेले. चांगुणाचा गळा मोकळा होता. पदरामुळं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"टाक गळ्याला गार लागायचा," ती खाली बघत म्हणाली. "आमच्याकडं मेलेलीला असंच बांधून ठेवत्यात. इथं कुनी हात लावीत न्हाई म्हनून."

दादा हसला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला हसताना बघितलं. "लिंबाचा रस, लोखंड आणि चांदी. झाली की बॅटरी. थोडी वीज देतेच."

"म्हंजे ती न्हाई?" भागूबाईंनी विचारलं.

चांगुणानं मात्र दुसरंच विचारलं. "तिचा वाटा आपल्या उलटा हुता का?"

"नाही. दोघींच्याच दिशेनं."

ती फळीपाशी वाकली. मग टाक उपसून काढला, पदरानं पुसला आणि गळ्यात घातला. काटा मधोमध आला. भागूबाई चहा पिऊन एकट्याच गेल्या.

कप उचलताना लिंबू माझ्या हाती आलं. सुपारीसारखं टणक. विळीवर चिरलं तर आत भुसा. मी दोन्ही फोडी दादापुढं ठेवल्या. कोरड्या लिंबातून वीज येत नाही, हे त्यानंच पोरांना शिकवलेलं.

त्यानं एक फोड दाबून बघितली. थेंब नाही.

"चांगुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाला, आणि फळी परत भिंतीला टांगली.