आबांनी पुढं सरकवलेला पेला

याकोबदादा, आणि आपल्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना,

धारूरच्या स्टँडवर एसटी सुरू झाली होती. खिडकीतून हात घालून आबांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. "आबा, बास की, लोकं बघायलेत," मी म्हणालो. "बघू दे. चोरी करायलाव व्हय आपण?" म्हणून त्यांनी प्रार्थना पुरी केली. गाडी घाट उतरेपर्यंत मी मान वर केली नाही.

पुण्यात खोली मिळेना. शेवटी एका काकूंनी विचारलं, "आपल्यातलेच ना?" आडनावावरून कळण्यासारखं काही नव्हतं. मी "हो" म्हणालो.

त्या एका 'हो'ला मग रोज सांभाळावं लागलं. बायबल डब्याच्या पिशवीतून न्यायचं. रविवारी भक्तीला निघताना ओव्हरटाइम सांगायचा. नाताळात चांदणी लावायची नाही. एकेक गोष्ट इतकी बारीक की तिला पाप म्हणावंसंही वाटू नये. पण माझी प्रार्थना आखूड होत गेली. डोळे मिटले की आधी काकूच दिसायच्या.

तशात एकदा आबा आले. भाकरी पुढ्यात घेऊन हात जोडले आणि स्टँडवरच्याच आवाजात सुरू झाले, "हे स्वर्गीय बापा..." काकू दारात उभ्या. "हे कोण हो?"

"आमच्या गावाकडचे आहेत एक म्हातारे. कामाला आलेत, निघतील आता."

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. आणि म्हणाले, "व्हय बाई. निघायलोच हाय. येतो साहेब."

पोटच्या पोराला साहेब म्हणाले. भाकरी तशीच राहिली. मी त्यांना कोपऱ्यापर्यंतसुद्धा सोडायला गेलो नाही.

आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दारी जायचं, मिटवायचं, मगच रविवारी प्रभूच्या भाकरीला आणि पेल्याला हात लावायचा. निम्मी मंडळी ऊसतोडीला गेली तरी उरलेली माणसं हे पाळतात. आबांचा दर महिन्याला फोन यायचा, "शनिवारी येतो का रं?" मी म्हणायचो, "लई काम हाय, आबा." शनिवारच का, हे मला कळत होतं. आज पहिल्यांदा लिहितोय, कळत होतं. आणि इकडं पुण्याच्या चर्चमध्ये मी दर महिन्याला पेला घेत होतो.

आबांना माती दिली त्या दिवशी, दादा, तू मला बाजूला घेऊन सांगितलंस. तीन वर्षं आबांनी पेला घेतला नव्हता. रांगेत त्यांच्यापर्यंत आला की शेजाऱ्याकडं सरकवायचे. लोकांत कुजबुज झाली, म्हाताऱ्यानं काय केलं असंल म्हणून. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तुलाही, थोरल्या पोरालाही, अगदी शेवटी, आणि तेही एवढंच, "धाकट्यासंगं मी बी खोटं बोललो. त्यो आल्याबिगर कसं मिटंल?"

मला वाटत होतं ते माझ्यावर रागावलेत. ते तर माझ्या खोट्यातला निम्मा वाटा उचलून बसले होते.

तू तेव्हा म्हणालास, "आता पी तू खुशाल." त्यानंतर आपण बोललो नाही, आणि मी पेल्याला हात लावलेला नाही. खोली कधीच सोडली, आता स्वतःचा फ्लॅट आहे. मुलं विचारतात, पप्पा, आपलं गाव कुठलं? मी धारूरजवळ असं सांगतो आणि विषय बदलतो. गाव सांगितलं की आबांचं विचारतील. घर म्हणजे काय, तर जिथं माझं खोटं माझ्या माणसांना भोगावं लागलं ती जागा. दुसरीकडं कुठं ते मिटणार नाही.

या शनिवारी येतो, मुलांना घेऊन. तू दार उघडलंस तर आत येईन. न उघडलंस तर तुला बोल लावणार नाही. पण रविवारी मला मंडळीत उभं राहू दे. फार बोलणार नाही. ते गावाकडचे कुणी म्हातारे नव्हते, ते माझे वडील होते, एवढं चारचौघांत म्हणायचं आहे.