गळ्यातली वाघनखं

आम्ही चौघंही आपापल्या गावचे नामांकित गुंड होतो, म्हणजे गाण्यात. एक ऊर्जानगरचा, एक बल्लारपूरचा, एक गोंडपिपरीचा आणि मी गडचिरोलीचा. वेगवेगळं रॅप करून प्रत्येकानं थोडेफार चाहते जमवले होते. एकत्र आलो तर आमचे दोन्ही जिल्हे हादरतील, या खात्रीनं आम्ही पहिला अल्बम काढला. गँगस्टर रॅप म्हटल्यावर गुन्हे हवेतच. पिस्तुलं, मारामाऱ्या, जेल हे तिघांनी आधीच वाटून घेतलं होतं. मग मी थेट वाघच मारला. गाण्यात मारला, आणि कव्हरच्या फोटोत त्याची नखं गळ्यात घालून उभा राहिलो. नखं जत्रेतली.

आठवड्याभरात, सकाळी मी दात घासत असताना, वनविभागाची जीप दारात उभी. मी पेस्टचा फेस गिळला.

"वाघ कुठी मारला?" वनपाल साहेबांनी विचारलं. त्यांच्या मोबाइलवर माझाच आवाज गरजत होता.

वाघाच्या केसमध्ये माणूस किती वर्षं आत जातो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"साहेब, ते गानं हाय जी."

"अन् नखं?"

नखं आणून दिली. साहेबांनी काडी ओढली. एक नख वितळून टपकन खाली पडलं. जळक्या प्लास्टिकचा वास इतका गोड मला कधीच लागला नव्हता.

"पन बयान द्या लागन. तू शिकारी नाई, हे कोन सांगन?"

"मी सांगतो ना," आई चुलीपासून उठत म्हणाली. "सायेब, आंगनात मुंगूस आलं का हा खाटेवर चढते. वाघ मारते म्हने!"

आधाराला म्हणून मी फोन करून तिघा साथीदारांना बोलावलं होतं. दुपारी पोचले तेव्हा ते साक्षीदार झाले. हसण्यापायी आईच्या बयानाखाली तिघांच्याही सह्या वाकड्या झाल्या.

मग माझ्या बयानात 'मी वाघ मारलेला नाही,' असं लिहून साहेबांनी पेन थांबवलं.

"पाह्यला तरी हाय का?"

मी मान खाली घातली. पुण्यामुंबईची माणसं दोन दिवसांत पाहून जातात. माझा जन्म इथला.

"नाई जी."

जीपचा ड्रायव्हरसुद्धा वळून बघायला लागला. साहेबांनी तेही बयानात लिहिलं, आणि खाली मी गाण्यातलं नाव सोडून आईबापानं ठेवलेल्या नावानं सही केली.