दात नाही, चाल पाहा

माझ्या अन्ननलिकेत कर्करोग आहे, हे घरात सगळ्यांना माझ्याआधी कळलं. मला एवढंच सांगितलं होतं, "गाठ आहे, औषधानं बसेल." दुधात कुस्करलेली भाकरही छातीत अडकत होती. सत्तरी कधीच ओलांडलेली. उभा जन्म देवळीच्या बाजारात बैलांचे सौदे करण्यात गेला. समोरचा काय लपवतो ते मला कळतं. घरचे सगळे नजर चुकवत होते.

केमोच्या सलाइनी संपल्यावर मुलानं मला वर्ध्याला सर्जन बाईंकडे नेलं. तो शाळेत मास्तर आहे, माझ्याच कमाईवर शिकलेला. मला बाहेर बाकावर बसवून तो आत गेला. दार नीट लागलं नव्हतं.

"ऑपरेशन नको मॅडम. वय झालं आता त्यांचं. पोटात नळी टाकून जेवण देता येईल ना?"

मी दार ढकलून आत शिरलो.

"काऊन रे? माह्या जिवाचा सौदा तू करून राह्यला?"

"बाबा, बाहेर बसा न. तुमचं बीपी वाढते."

"वाढू दे!"

बाईंनी खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो. म्हटलं, "बाई, बैल घेताना आमी दात पाह्यतो. दातावरून वय कळते. पण चालवून पाह्यल्याशिवाय पैसे देत नाई. यानं तं नुसते दात पाहून मले मोडीत काढलं."

"दात त्यांनी पाहिले, आजोबा. मी चालवूनच ठरवणार. चला."

त्या मला जिन्याकडे घेऊन गेल्या आणि सोबत चढल्या. वरच्या मजल्यावर माझ्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यावरचा आकडा बघून म्हणाल्या, "श्वास टिकतोय. पण आजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद."

"दिवसाले एक?"

"एकही नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खराब अन्ननलिका काढून जठर वर ओढायचं, तिथं जोडायचं. या वयात फुप्फुसात कफ भरतो, जोड गळू शकतो, माणूस घरी परतेलच असं नाही. जगलो तर थोडं थोडं खायचं, आडवं झोपायचं नाही. "आणि आवाज जाऊ शकतो. कधी कधी कायमचा."

"आवाजावर माहा धंदा आहे. तेवढा सोडा, बाई."

"तसा शब्द देता येत नाही."

एका पैशानंही खाली न उतरणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. म्हणूनच विश्वास बसला. कागदावर सही मी स्वतः केली.

ऑपरेशननंतर कफ भरलाच. टाक्यांवर उशी दाबून खोकायचं, म्हणजे प्राण कंठाशी यायचे. मुलगा बाहेर वरांड्यात झोपायचा, असं बायकोनं सांगितलं. तरी माझा राग उतरला नाही. त्याला काय काय सुनवायचं ते मी पडल्या पडल्या मनात रचून ठेवलं होतं.

आयसीयूतून वॉर्डात आल्यावर एकदाची पेज द्यायला परवानगी मिळाली. मुलगा वाटी घेऊन बसला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. त्यानं कान माझ्या तोंडाशी आणला.

"ऑपरेशनले काऊन नको म्हटलं?" मी कुजबुजलो.

पेज ढवळत तो म्हणाला, "तुमचा टेबलावरच जीव गेला असता तं लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याले पोरानं मारलं."

"अन् उपाशी मेलो असतो तं?"

"तं कोणी काही म्हटलं नसतं, बाबा."

इतकं खरं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. ते माफ करण्यासारखं नाही, आणि मी अजून केलेलं नाही. पण चमचा त्यानं पुढे धरला होता, पेज सांडत होती. मला भूक लागली होती. मी तोंड उघडलं, आणि घास कुठंही न अडता खाली गेला.