आमचं सुपरहिरोवरचं भांडण

रविवारी दुपारी सणसरला घरी मेथी निवडत बसले होते. मोबाईल डब्याला टेकवून सिनेमा लावलेला... तोच, तोंडावर मुखवटा चढवून लोकांना वाचवत फिरणाऱ्या सुपरहिरोचा. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर त्याचे भक्त कमेंटमध्ये माझी शाळा घेतील!

पन्नाशीची शाळामास्तरीण हे असलं बघते म्हणून हसू नका. हे खूळ मला लावलं माझ्या मिस्टरांनी. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरांनी पार पिट्ट्या पडायचा, मग घरी आले की हात-पाय धुऊन टीव्हीसमोर बसायचे.

या एकाच हिरोचं काम आजवर बऱ्याच नटांनी केलंय. त्यातला भारी कोण, यावरून आमचं लग्नानंतर जे भांडण सुरू झालं ते काही मिटलं नाही.

यांचा जीव टीव्ही सिरियलमधल्या नटावर. पोट जरा सुटलेलं, ड्रेसला गुडघ्यावर चुण्या... पण माणसाला वाचवल्यावर तो लगेच उडून जायचा नाही. थांबून विचारायचा, आता घरी कसे जाणार? "आपल्यातला वाटतो गं त्यो," असं हे म्हणायचे.

मला सिनेमातला पहिला नट आवडायचा. मुखवटा काढून तो मोठ्या घरात एकटाच जेवायला बसतो, त्या सीनला मी दर वेळी पदराने डोळे पुसायचे. आणि आवाज तर काय सांगू... त्याने नुसतं घाबरू नका म्हटलं तरी धीर यायचा.

"तुझा हिरो रडका हाय," हे म्हणायचे. मी म्हणायचे, तुमच्या हिरोला आधी पोट कमी करायला सांगा. बारामतीच्या थिएटरात नवा नट बघायला गेलो तेव्हा इंटरव्हलनंतरही आमचं चालूच होतं, शेवटी मागच्या सीटवरून आवाज आला, "काका-काकू, घरी जाऊन भांडा की!" तो नवा नट मात्र आम्ही दोघांनी एकमताने नापास केला. अंगाने पिळदार, पण चेहऱ्यावर काही हलेल तर शपथ.

हे गेले, त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. मुलगी मुक्ता पुण्यात नोकरीला. घरात मी आणि माझे सासरे, आबा. आमचं बोलणं म्हणजे चहा, गोळी, जेवण... बास. यांचं नाव दोघंही काढत नाही. एकाने काढलं तर दुसऱ्याचं काय होईल, याची भीती वाटते. पण नाव न काढता राहायचं म्हणजे माणूस परत परत गेल्यासारखं वाटतं, हे कुणाला सांगणार?

तर रविवारी... ॲपवर सिनेमा चुकून इंग्रजीत सुरू झाला. आम्ही जन्मभर हे सगळं हिंदीतच बघितलेलं. माझा लाडका हिरो बोलायला लागला आणि मी चक्रावलेच. हा बारीक, नाकातला आवाज कुणाचा? घाईघाईने हिंदी लावलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

म्हणजे मी ज्याच्यावर फिदा होते, तो आवाज त्या नटाचा नव्हताच. डबिंग करणाऱ्या कुणाचा तरी होता. मग सहज म्हणून यांची ती जुनी सिरियल हिंदीतच शोधून लावली आणि पुन्हा मेथीत डोळे घातले. दोन वाक्यं ऐकली असतील... हातातली जुडी तशीच राहिली. तोच आवाज. तोच श्वास, शब्द तोडायची तीच पद्धत!

इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच माणसाच्या बाजूने भांडत होतो.

मला इतकं हसू आलं, की मी "अहो..." म्हणून वळले सुद्धा. यांची खुर्ची रिकामी. मग मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

मुक्ताला फोन लावला. "मम्मी, कॉलवर आहे, नंतर करते." तिचंही बरोबर आहे. पण मला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचं होतं, नाहीतर छाती फुटली असती. बाहेर ओट्यावर आबा बसले होते. त्यांना सिनेमातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी गेले आणि पहिल्यांदाच यांचं नाव घेऊन सगळं सांगितलं.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "ठाव हाय मला."

मी म्हटलं, तुम्हाला कसं काय?

"विलासनंच सांगितलं व्हतं. मुक्ता शाळंत व्हती तवा. आमी उसाला पाणी द्यायला दारं धरत व्हतो. म्हणला, आबा, दोघांचा आवाज एकच हाय, पर तिला बोलू नगा. तिला कळलं तर भांडाय काय ऱ्हायचंच न्हाय. आन ती भांडली न्हाय तर घर कसं सुनं वाटतं."

आबांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले. मी तिथेच खाली बसले आणि मोठमोठ्याने रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "बोलत जा पोरी त्याच्याबद्दल. मलाबी लई बोलायचं असतं."

आबा, तुम्ही सांगितलंत, तुमचे उपकार फार आहेत.

पण यांना काय म्हणू? एवढी वर्षं खरं माहीत असून माणूस रोज माझ्याशी खोटं खोटं भांडला... आणि आता खरं भांडायचंय, तर तेच नाहीत.