एकशेवीस-ऐंशी

मी दौंडहून रोज शिरूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. तिथली डॉक्टर मी. निदान पगारपत्रकावर तरी. खरं तर दीड वर्षापासून माझ्यातलं डॉक्टरपण आटत चाललं होतं. सकाळी शंभरावर पेशंट, दुपारी ऑनलाइन नोंदी, वर मीटिंगा. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसायचाच नाही, त्याच्यामागची रांग दिसायची. दुखणं सांगताना कुणी रडलं तर चक्क राग यायचा. हे मी घरीही बोलले नाही. लाज वाटायची.

आमच्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी त्या दारातच खुर्ची टाकून बसत. येईल तिचा हात हातात घ्यायचा, बांगड्या मनगटावरून वर सरकवायच्या आणि म्हणायचं, "कुठनं भरल्यास गं? झ्याक हायत." तेवढ्यात रांग तुंबायची आणि मी आत चरफडायचे. "सिस्टर, कासाराचं दुकान काढा आता," असं एकदा बोललेही. त्या नुसत्या हसल्या.

त्या दिवशी सिस्टर सकाळीच शेजारच्या वस्तीवर लसीकरणाला गेल्या होत्या. दारात कुणी नव्हतं, रांग भराभर सरकत होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. न्हावऱ्याकडची एक पहिलटकरीण आली. आठवा महिना. बीपीचा पट्टा पलीकडच्या टेबलावर राहिला होता. उठायचा कंटाळा आला. पेनानं आपसूक कार्डावर लिहिलं, एकशेवीस-ऐंशी. आमच्या धंद्यातला हा लाडका आकडा, झोपेतसुद्धा लिहिता येतो. गोळ्या दिल्या आणि पुढचीला हाक मारली.

दोन मिनिटांत तीच पोरगी परत आत आली. तिचा हात धरून सिस्टर उभ्या होत्या. लसीकरण उरकून येताना त्यांना ती व्हरांड्यात भेटली होती.

"म्याडम, हिचं बीपी किती आलं?"

"नॉर्मल आहे."

"हिच्या बांगड्या हलंनात."

त्यांनी तिचं मनगट माझ्यापुढे धरलं. हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईला घाबरवायचं नाही, आणि बीपी वाढलं की येणारी सूज तर बघायची. इतकी वर्षं त्या प्रत्येक हातावर तेच बघत होत्या. आणि मी त्यांना कासाराचं दुकान काढायला सांगितलं होतं.

पट्टा बांधला. एकशेऐंशी-एकशेवीस. तिला कुठल्याही क्षणी झटके आले असते. ती आणि तिच्या पोटातला जीव, दोघंही गेली असती, आणि कार्डावर माझ्या अक्षरात सगळं नॉर्मल असतं.

मी सांगायच्या आत सिस्टरांनी इंजेक्शन भरलं होतं. अँब्युलन्स पुण्याकडे गेल्यावर त्यांनी केंद्रातलं कार्ड माझ्यापुढं सरकवलं. "आधीचा आकडा खोडा, म्याडम. तुमच्या हातानं. आन् सही करा." त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाचच्या सुमारास पुण्याहून फोन आला. सिझर झालं. मुलगी आहे, वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. आई शुद्धीवर आहे. माझा जीव भांड्यात पडला आणि मी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. कितीतरी महिन्यांनी एखाद्या पेशंटसाठी डोळ्यांत पाणी आलं होतं.

सिस्टर शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं, हजारो हात, आणि एकही हात त्यांनी उरकून टाकला नव्हता. एका माणसाला एवढं जमतं कसं?

"सिस्टर, तुम्हाला कधी कंटाळा नाही येत?"

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "रजा टाका, म्याडम. आजच."

अर्ज लिहायला बसले. कारणाच्या जागी आम्ही सगळेच 'घरगुती' लिहितो. मीही 'घर'पर्यंत आले आणि खोडलं. मग लिहिलं, 'मी थकले आहे. माझ्या हातून चुका होत आहेत.'

सिस्टरांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तुम्ही माघारी आला की मग मी रजेवर जाते," त्या म्हणाल्या. "मला बी एक कोरा कागद द्या. मला बी ह्येच लिव्हायचंय."